नदीत उतरलेला राजमार्ग

जो देश कोठेही नाही त्याचा नकाशा काढायला मी बसले, तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. तोवरची वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवण्यात घालवली. खऱ्या देशांच्या सीमा, खऱ्या नद्यांची खोरी आणि खऱ्या वाऱ्यांच्या दिशा फळ्यावर काढल्या आणि तास संपला की पुसून टाकल्या. स्वतःचे म्हणावे असे चित्र मात्र कधी काढले नाही. काढावेसे वाटत नव्हते, असे नाही. आपण काढलेले कोणीतरी पाहील, एवढ्या विचारानेच हात आखडत असे. वर्गात ही भीती वाटत नसे, कारण तिथे मी पाठ्यपुस्तकाच्या आडोशाला उभी असे.

पुढे भूगोलाला विद्यार्थी मिळेनासे झाले. मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि बीड जिल्ह्यात नेकनूरच्या बाजूला, यजमानांच्या गावी राहायला आले. गावात बायकांनी चालवलेली एक दूध उत्पादक सहकारी संस्था होती आणि तिला सचिव हवा होता. अध्यक्ष होत्या मेंढपाळ घरातल्या एक बाई. त्यांना सारे गाव आक्का म्हणे. एका माळावरून हाक मारली तर दुसऱ्या माळावर पोचावा, असा त्यांचा आवाज. सभेत त्यांनी माझी शिफारस केली ती अशी : "बाई शिकलेल्या हायत, अन् भांडत न्हाईत. भांडणाऱ्या आपल्यात बक्कळ हायत." ठराव एकमताने मंजूर झाला. मला हो-नाही म्हणायची संधी मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी मी ती घेतली नसती.

त्या ठरावाचे उपकार मी आजही मानते, कारण नकाशासाठी लागणारे मोठे टेबल मला त्यामुळे मिळाले. संकलन केंद्राच्या खोलीत पत्र्याने मढवलेले एक लांबरुंद टेबल होते. सकाळी त्यावर दुधाची मापे, लॅक्टोमीटर आणि फॅट मोजायचे यंत्र असे. ज्या वर्षांविषयी मी लिहिते आहे, त्या वर्षांत पाऊस ओळीने हुकला होता. जनावरे चारा छावणीत बांधलेली, विहिरी तळाला गेलेल्या, पिण्याचे पाणी टँकरचे. दुधाचे कॅन अर्धेच भरत. दूधगाडी लवकर निघून जाई आणि मग ते टेबल धुऊन-पुसून दिवसभर रिकामे पडून राही. उत्तरेच्या खिडकीतून त्याच्यावर स्थिर उजेड येई. हाताची सावली कागदावर न पाडणारा उजेड किती दुर्मीळ असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

अशाच एका सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेत संपादक झाली होती. एका तरुण लेखकाची मोठी अद्भुतरम्य कादंबरी तिच्या हाताखाली तयार होत होती. त्या कादंबरीतला देश लेखकाच्या कल्पनेतला होता. पुस्तकाच्या आरंभी त्या देशाचा नकाशा हवा होता. जुन्या पोथीतल्या चित्रासारखा, डोंगर एकेक करून काढलेला, झाडे, किल्ले, गलबते, दिशादर्शक चक्र, सारे हाताने.

"मॅडम, तुम्ही फळ्यावर गोदावरी एका दमात काढायचात," ती म्हणाली. "नाशिकला खडू टेकवला की राजमुंद्रीपर्यंत उचलायचा नाही."

"अगं, ते फळ्यावरचं. ते पुसायचंच असायचं."

"हे पुसायचं नाही. एवढाच फरक आहे."

मी "बघते" म्हणाले. नाही म्हणायला जो धीटपणा लागतो, तो माझ्याकडे नव्हता. तिने त्या "बघते"चा अर्थ होकार असा घेतला आणि दुपारपर्यंत कादंबरीची सगळी पाने फोनवर पाठवून दिली. नेकनूरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी ती छापून घेतली. भला मोठा गठ्ठा झाला. यजमानांनी तो हातात तोलून पाहिला आणि विचारले, "ह्या देशाचा सातबारा कुठं निघतो म्हणं?"

"देशच नाहीये तो," मी म्हणाले.

"मग बरंय. वाटणीवरून कज्जे न्हाईत."

कादंबरी मी दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीने खुणा केल्या. एका विशाल नदीच्या उत्तर काठावर राजधानी, दक्षिण काठावर शत्रूची फौज. दोहोंना जोडणारा एकच पूल, आणि तो राजकन्येने स्वतःच्या हाताने जाळलेला. पूल जळाला म्हणून शत्रू पलीकडेच अडतो, वेढा लांबतो, आणि उरलेली अर्धी कादंबरी त्या वेढ्याभोवती फिरते. लेखकाची भाषा मला आवडली. त्याहून आवडले ते हे, की त्याने अंतरे विचारपूर्वक दिली होती. घोडेस्वार किती चालतो आणि बैलगाडी किती, याचा त्याला अंदाज होता. त्याच्या अंतरांवरून मी नकाशाचे प्रमाण काढले, कागदावर चौकटी आखल्या आणि कच्च्या आराखड्याला हात घातला.

पहिल्या आराखड्याचे छायाचित्र पाहून विद्यार्थिनी फोनवर म्हणाली, "मॅडम, सुरेख आहे. फक्त डोंगरांची टोकं राहिलीत."

मी कागद उचलून पाहिला. खरेच, माझा प्रत्येक डोंगर वरून सपाट होता. सुरीने माथा कापून घ्यावा तसा. बालाघाटाचे डोंगर असेच असतात, आणि मी जन्मभर तेच पाहत आले. टोकदार शिखर पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पुस्तकातली छायाचित्रे तेवढी ओळखीची. मी खोडरबर घेतले आणि त्या देशाच्या सगळ्या डोंगरांना टोके दिली. तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. पेन्सिलीचे काम होते, हसण्यावारी नेता आले.

या अनुभवाने मी सावध झाले. नदी काढण्यापूर्वी मोठी नदी प्रत्यक्ष पाहून यायची, असे ठरवले. नेकनूरहून बीड, बीडहून गेवराई अशी एसटी बदलत मी गोदावरीच्या काठी गेले. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. काठावरच्या बाभळीखाली बसून मी सकाळपासून दुपारपर्यंत चित्रे काढली. पात्र प्रचंड रुंद होते आणि त्यात वाळूच वाळू होती. वाळूतून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गेलेल्या. पलीकडच्या गावातल्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन पात्रातून चालत अलीकडच्या बाजारी येत होत्या. एके ठिकाणी पाण्याची बारीक धार होती. तिथे त्या लुगडे किंचित उचलत आणि पुढे जात. हे सारे मी इमानाने टिपून घेतले आणि परतीच्या गाडीत माझ्या मेहनतीवर मीच खूष होते.

त्यानंतर जवळजवळ दीड-दोन महिने मी रोज त्या पत्र्याच्या टेबलावर काम केले. आधी पेन्सिलीचा आराखडा, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि मग टाकाने काळी शाई. डोंगराच्या उतारावर छायेच्या रेघा ओढायच्या त्या माथ्यापाशी दाट, पायथ्याशी विरळ. अरण्यात झाड आणि झाड यांत फरक ठेवायचा, पण तो डोळ्याला टोचता कामा नये. समुद्रात गलबत काढले तर वाऱ्याची दिशा शिडाला कळली पाहिजे. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वह्यांत मी याच गोष्टींसाठी लाल शेरे मारत असे, आणि आता ते शेरे मीच स्वतःला मारत होते. पण अपमान वाटत नव्हता. उलट सकाळी दूधगाडी गेली, की टेबल पुसताना छाती हलकी होई. आपल्याला काही हवे आहे, ही भावना मला तशी अपरिचित होती. तो नकाशा त्या पुस्तकात यावा, एवढे मला हवे होते. आणि ते हवेपण मी कोणालाही सांगितले नव्हते.

संस्थेच्या बायका येता-जाता डोकावत. एकीने विचारले, "बाई, ह्यात हापसा कुठं हाय?" दुसरीने राजवाड्याकडे बोट दाखवून, "येवढ्या मोठ्या घराला गोठा न्हाई व्हय?" म्हणून चौकशी केली. मी गोठा काढला. राजवाड्याला गोठा असायलाच हवा होता.

नकाशा पुरा झाला. मी त्याचे छायाचित्र पुण्याला पाठवले. विद्यार्थिनीचा हर्षभराचा निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लेखकाचा फोन. तो कृष्णाकाठचा. घर नदीच्या घाटाला लागून.

"मॅडम, नकाशा पाहिला. खोटं नाही सांगत, किती वेळ बघतच राहिलो. पण एक विचारू का? हा राजमार्ग नदीत कुठं चाललाय?"

"पलीकडे," मी म्हणाले.

"पलीकडे कसा? पूल तर वरच्या अंगाला आहे. आणि तो मी जाळलाय."

"हा उतार आहे. म्हणजे पायी ओलांडायची जागा."

"असे किती आहेत?"

मी नकाशा पाहिला आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. पाच होते. जिथे पात्र रुंद आणि काठ सखल, तिथे तिथे माझ्या हाताने दोन बारीक तुटक रेघा नदीत उतरवल्या होत्या आणि पलीकडे चढवल्या होत्या. राजधानीच्या अगदी समोर, चिंचोळ्या पात्रातसुद्धा एक. डोक्याने दोनदा वाचलेली कादंबरी हाताने वाचलीच नव्हती. आमच्याकडे नदी ही ओलांडायची गोष्ट असते. पूल असला तरी बैलगाडी पात्रातून जाते, कारण ते जवळचे पडते.

"मॅडम, माझी अर्धी कादंबरी ती नदी ओलांडता येत नाही म्हणून आहे हो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. काळजी होती, आणि तीच मला जास्त लागली. "तुमच्या नकाशात तर शत्रू जेवण करून निवांत येईल पलीकडून."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. त्याने आणखी काही विचारले, त्यालाही मी तेच उत्तर दिले.

संध्याकाळी विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, तो घाबरलाय. नदीच चुकली तर आणखी काय काय चुकलं असेल, म्हणतो. आमचे प्रकाशक म्हणतात, इथला एक चित्रकार दोन दिवसांत साधा नकाशा करून देईल, तोच टाकू. मी उद्यापर्यंत थांबवलंय. तुम्ही त्याच्याशी एकदा बोला. आणि हात जोडते, नुसतं 'बरोबर आहे तुमचं' म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हस्तलिखिताचा गठ्ठा पुन्हा काढला. आपल्या चुकीचे मोजमाप घ्यावे, एवढाच हेतू होता. वाचता वाचता वेढ्याच्या शेवटच्या उन्हाळ्यातल्या एका प्रसंगाशी मी थबकले. नगरातल्या बायका धुणे घेऊन घाटावर येतात. शेवटची पायरी कोरडी पडलेली असते. त्या पायरीवरून खाली उतरून, तापलेल्या वाळूतून चालत पाण्याशी जातात. हे लेखकानेच लिहिले होते. म्हणजे त्याची नदीही उन्हाळ्यात आटत होती. आणि जी नदी राजधानीपाशी, चिंचोळ्या खोल पात्रात पायरीखाली जाते, ती वरच्या अंगाला, जिथे उपनदी वाळू आणून टाकते आणि पात्र पसरते, तिथे घोट्याएवढीच उरणार. मी हे वर्षानुवर्षे शिकवले होते. जिथे उपनदी नव्हती ते माझे चार उतार शुद्ध चूक होते. पाचवा, त्या उपनदीजवळचा, मात्र चूक नव्हता.

पण हे त्या लेखकाला सांगायचे म्हणजे तुमचा वेढा एका कोपऱ्यात गळतो आहे, असे सांगायचे. ते मी कोण सांगणार? दुसऱ्या चित्रकाराला काम द्या, असा निरोप लिहून टाकावा, म्हणून मी फोन हातात घेतला. शब्द जुळवत बसले असतानाच संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली आणि बायका आल्या.

"बाईंचं तोंड का उतरलं वो?" आक्कांनी दारातूनच विचारले.

सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. मी थोडक्यात सांगितले : पूल जाळला आहे, नदी ओलांडता येत नाही, आणि मी नदीत वाटा काढल्या.

"पूल जाळला तर जाळला," एक म्हणाली. "नदी हाय का समुद्र?"

"आगं, तिकडच्या नद्यांला पाणी असतंय," ऊसतोडीला जाणारी एक म्हणाली. "आमी गेलतो की सांगलीकडं. लई पाणी. येड्यावानी बघत बसलतो काठाला, मुकादम वरडंस्तवर."

"मग आता काय हुणार?"

"दुसरा चित्रकार काढेल," मी म्हणाले.

"अन् तुमचा?"

 आक्का कॅनवरच टेकल्या.  "बाई, रोज दूधगाडी गेली की तुमी टेबल पुसता. आमी बघतो की. पोरीचं लगीन ठरल्यावानी तोंड असतंय तुमचं तवा. अन् आता सोडून देता? काय तुमाला बोलायचंच न्हाई का त्येला?"

"एक गोष्ट आहे बोलण्यासारखी," मी कबूल केले आणि घाटाच्या कोरड्या पायरीविषयी सांगितले.

"मग हे आमाला कावून सांगता? त्येला सांगा. लावा फोन. अन् ते मोठ्यानं बोलायचं बटन दाबा, न्हाई तर तुमी पुन्हा 'बरोबर आहे' म्हणून ठिवून देताल."

त्यांच्यासमोर नाही म्हणण्याचे बळ माझ्यात नव्हते. त्या भित्रेपणाचा मला आयुष्यात झालेला हा सर्वांत मोठा फायदा. मी फोन लावला आणि तो टेबलावर, नकाशाशेजारी ठेवला. लेखकाने उचलला. मी तोंड उघडण्याआधी आक्काच बोलल्या.

"राम राम लेखकभाऊ. मी संस्थेची अध्यक्ष बोलते. बाई हितंच हायत. त्येंच्या आधी मला एक इचारायचंय. तुमच्या त्या नदीला बाराही महिने पाणी असतं व्हय?"

"असतं की," तो गोंधळून म्हणाला.

"मग लोकं भांडतेत कशापायी?"

 तो हसला. "गादीसाठी, मावशी."

"गादीचं काय करायचं, पाणी असल्यावर?" कोणीतरी मागून म्हणाले आणि सगळ्याच हसल्या. तोही हसला. त्या हसण्यातच मी फोनजवळ सरकले.

"मी बोलते," मी म्हणाले. "चार उतार चुकलेत. ते मी खरवडून काढते. पण पाचवा, वरच्या अंगाचा, तुमच्याच कादंबरीत आहे. वेढ्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात धुणं घेऊन बायका येतात, तो प्रसंग काढून बघा. घाटाची शेवटची पायरी कोरडी आहे."

पाने उलटल्याचा आवाज आला. ती बराच वेळ उलटत राहिली. मला वाटले, संपले.

"वाळूतून चालत जातात," तो हळू वाचत म्हणाला. "हे मीच लिहिलंय. आमच्या घाटावर एका उन्हाळ्यात पाहिलं होतं लहानपणी." मग एकदम, "पण मॅडम, म्हणजे शत्रू वरच्या अंगानं येऊ शकत होता. मग तो आला का नाही?"

 हा प्रश्न भूगोलाच्या कक्षेबाहेरचा होता.

"तिथं राखण ठिवा की," आक्का म्हणाल्या. "आमच्या छावणीत कडब्याच्या पेंढीला राखण हाय. तुमच्या राजाला येवढी नदी राखाया चार माणसं मिळंनात व्हय?"

 पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "चौकी," तो म्हणाला. "वरच्या उतारावर राजाची चौकी. उन्हाळाभर माणसं बसलेली. मला एक पान वाढवावं लागेल फक्त. मॅडम, तो पाचवा उतार ठेवा. तिथं चौकी काढा. बाकीचे खोडा आणि नदी भरा. मी पुण्याला कळवतो, नकाशा तुमचाच जाईल. आठवड्याभरात होईल?"

"हो," मी म्हणाले. माझा तो "हो" मलाच अनोळखी वाटला.

"अन् लेखकभाऊ," आक्कांनी फोनकडे वाकून सांगितले, "चौकीवर माणसं बसवली तर त्येंच्या भाकरीचं बी बघा."

नकाशा मुदतीत पोचला आणि पुस्तकाच्या आरंभी छापला गेला. चौकीचे पानही आले. त्यात पहारेकऱ्यांसाठी रोज भाकऱ्या घेऊन जाणारी एक म्हातारी आहे. हे इथेच सांगून टाकते, कारण माझ्या मनात राहिला आहे तो त्या फोननंतरचा आठवडा.

ट्रेसिंग पेपरवर वाळलेली शाई पुसता येत नाही. दाढीच्या नव्या पात्याने ती खरवडावी लागते, कागदाचा पापुद्रा निघणार नाही इतक्या हलक्या हाताने. चार उतार निघायला दोन सकाळी गेल्या. मग नदी भरायची होती. जुन्या नकाशांत पाणी दाखवायची एक रीत आहे : काठाला समांतर बारीक रेघा ओढत जायचे, काठाशी जवळजवळ आणि प्रवाहाच्या मध्याकडे विरळ होत जाणाऱ्या. वाळू ठिपक्यांनी दाखवतात. ठिपक्यांची मला सवय होती. पाण्याच्या या रेघा मात्र मी जन्मात ओढल्या नव्हत्या. रेघ हलली की पाणी वाटत नाही, तार वाटते. नदी उगमापासून समुद्रापर्यंत, दोन्ही काठांनी भरायची होती आणि दिवस थोडे होते.

सकाळच्या दुधाच्या नोंदी ऊसतोडीवरून लवकर परतलेल्या त्या सदस्येने आपण होऊन स्वतःकडे घेतल्या. फॅटचे यंत्र दुसरीने धुतले. यजमान जेवणाचा डबा केंद्रावर आणून देत आणि नदी कुठवर आली ते पाहून जात. "आज निम्म्याला आली," असे ते पारावर सांगत. पारावरच्या काही माणसांना ती खरीच कुठली तरी नदी वाटली, असे मागाहून कळले. कोणी मला उपकार केल्याचे भासवले नाही. संस्थेचे काम जसे वाटून होत असे, तसे हेही काम वाटून झाले. फरक इतकाच, की हे काम माझे एकटीचे होते आणि तरी ते वाटले गेले.

शेवटच्या दुपारी राजधानीचा घाट ओलांडून मी नदीच्या मुखाकडे सरकत होते. बाहेर टँकरचा भोंगा झाला. गावात टँकर आला की हातातले टाकून धावावे लागते. रांग चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत घरात थेंब नाही. मी टाक खाली ठेवला आणि उठू लागले.

आक्का दारात उभ्या होत्या. एका हातात त्यांची घागर आणि दुसऱ्या हातात माझी. ती त्यांनी आमच्या ओसरीवरून कधी उचलून आणली, मला कळलेही नव्हते.

"बसा तुमी," त्या म्हणाल्या. "शाई वाळंल. तुमचं पाणी आमी भरतो."

"आक्का, तुम्ही किती घागरी—"

"बसा म्हणते न्हव्हं? ती नदी अर्धी ठिवताव का काय?"

त्या निघून गेल्या. रांगेतला गलका खिडकीतून आत येत होता, कोणाचा तरी नंबर गेला होता, कोणीतरी कोणाच्या तरी सासूचा उद्धार करत होते, आणि त्या साऱ्यावर आक्कांचा आवाज होता : "ही घागर बाईंची हाय, हिला मधी घ्या." मी टाक शाईत बुडवला, निबावरचा जादा थेंब दौतीच्या काठाला टिपला आणि समुद्राकडची पुढची रेघ ओढायला घेतली.